इलेक्ट्रिक पिकअपच्या टायरवरची माहिती नेमकी कुठाय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या वाहन पुरवणीत इलेक्ट्रिक गाड्यांवर भरपूर येतं. रेंज किती, चार्जिंगला वेळ किती, बॅटरीची वॉरंटी किती वर्षं, शून्य ते शंभर किती सेकंदात, सगळं येतं आणि मी ते आवडीने वाचतोही. पण गाडी दोन-तीन वर्षं चालली की पहिला दणका बॅटरीचा बसत नाही, टायरचा बसतो, आणि त्याबद्दल एक ओळ कधी छापून आलेली बघितली नाही. त्यातून गाडी इलेक्ट्रिक पिकअप असली तर मग विचारूच नका, कारण तिथे साधा कारचा टायर चालत नाही आणि डिझेल पिकअपला लावतात तो डोळे झाकून लावला तर रेंज बोंबलते, मधल्या मध्ये माणूस अडकतो आणि दुकानदार सांगेल ते घेऊन मोकळा होतो. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, संभाळून घ्या.

आधी वजनाचं बघा, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. फोर्डची एफ-१५० लाइटनिंग मॉडेलप्रमाणे साधारण पावणेतीन ते तीन टन भरते, अमेरिकेच्या रिव्हियन कंपनीची आर१टी सव्वातीन टनांच्या आसपास, आणि हमरची इलेक्ट्रिक पिकअप तर चार टनांच्याही वर जाते, आणि ही सगळी वजनं हौदा रिकामा असतानाची आहेत बरं का, अजून आत माणसं बसायची आहेत आणि मागे माल पडायचाय. याला कारण बॅटरी, ती खाली सपाट पसरलेली असते त्यामुळे गाडी रस्ता छान धरते वगैरे सगळं खरं, पण शेवटी तो सगळा भार चार टायरवरच येतो, आणि टायर जमिनीला टेकतो तो जेमतेम पसरलेल्या पंजाएवढा. वर मोटरचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, शून्यापासून पूर्ण मिळतो, सिग्नल सुटला आणि पाय जरा जड पडला की रबर घासलंच, आणि पाय उचलला की रीजेन सुरू, मोटरच गाडीला रोखून वीज परत बॅटरीत भरते, म्हणजे गाडी थांबवतानाही टायरच ओढ सहन करतो. ब्रेकपॅड वर्षानुवर्षं टिकतात म्हणून लोक खूश असतात, पण ते काम पॅडवरून सुटलं म्हणजे संपलं असं नाही ना, रस्त्याला धरून ठेवायचं काम टायरला दोन्हीकडे आहेच. टायर कंपन्याच सांगतात की इलेक्ट्रिक गाडीवर साधे टायर वीस टक्क्यांपासून थेट पन्नास टक्क्यांपर्यंत लवकर झिजतात, आकडा ज्याच्या त्याच्या जाहिरातीप्रमाणे बदलतो, पण झिजतात लवकर यावर कुणाचं दुमत नाही. शिवाय रेंज चांगली दिसावी म्हणून कारखान्यातून येणाऱ्या टायरची नक्षी पुष्कळदा आधीच कमी खोल ठेवलेली असते, म्हणजे झिजायला रबरच कमी. त्यामुळे पहिला सेट लवकर गेला म्हणून गाडीत काहीतरी खोट आहे असं लगेच समजू नये.

आता दुकानात काय होतं ते सांगतो. माणूस जातो आणि विचारतो ईव्हीचा टायर दाखवा. बाजारात तशी नावं आहेतच, पिरेलीचं इलेक्ट, गुडइयरचं इलेक्ट्रिकड्राइव्ह, हँकूकचं आयऑन, बाकीच्यांचीही आहेत, आणि टायर वाईट नाहीत, चांगले आहेत. पण साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, ईव्ही छापलंय म्हणजे तो तुमच्या पिकअपला पुरेल असं अजिबात नाही, कारण ते छापायला सगळ्या कंपन्यांना लागू होईल असा एकच निकष नाही, ज्याची त्याची व्याख्या आहे. निकष ज्याला आहे ती गोष्ट शेजारीच बारीक अक्षरात असते आणि तिकडे कुणी बघत नाही. ती म्हणजे लोड इंडेक्स.

चाकापाशी उकिडवं बसून टायरवरची ओळ वाचा, समजा २७५/६५ आर२० ११६एच असं लिहिलंय. २७५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या पासष्ट टक्के, २० ही रिम, इथपर्यंत सगळ्यांना येतं. पुढचा ११६ हा लोड इंडेक्स, म्हणजे तो एक टायर १२५० किलो पेलतो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, तिथपर्यंत कुणी जात नाही पण ते अक्षर टायर उष्णता किती सोसतो त्याच्याशी जोडलेलं आहे म्हणून फार खाली उतरू नये. आता ११३ घेतला तर ११५० किलो, १२१ घेतला तर १४५० किलो. आकडा दोन-चारने कमी दिसतो, "काय फरक पडतो साहेब, साइज तर तीच आहे" असं म्हणून गळ्यात मारतात, पण त्या दोन-चार आकड्यांत चार टायर मिळून तीन-चारशे किलोचा फरक पडून जातो.

हिशोब करायचा तर ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर जो स्टिकर असतो त्यावर पुढच्या आणि मागच्या अॅक्सलवर जास्तीत जास्त किती वजन चालेल ते दिलेलं असतं. समजा मागच्या अॅक्सलचा आकडा २३०० किलो आहे, म्हणजे एका टायरवर ११५०. तुम्ही म्हणाल मग ११६ वाला १२५० पेलतो, शंभर किलो शिल्लक, झालं की. पण थांबा. अमेरिकेतला नियम असा की कारसाठी बनवलेला टायर, म्हणजे ज्याला पी-मेट्रिक किंवा युरो-मेट्रिक म्हणतात तो, पिकअपला लावला तर त्याची क्षमता १.१ ने भागून धरायची. १२५० भागिले १.१ म्हणजे ११३६. दोन टायरचे झाले २२७२, आणि अॅक्सल मागतोय २३००. कमी पडला! कागदावर शंभर किलो शिल्लक दिसत होते आणि प्रत्यक्षात उणे निघाले. पिकअप खड्ड्यातून जाते, हौदा गच्च भरून जाते, ट्रेलर ओढते, म्हणून ही काटछाट ठेवलेली आहे आणि मला तरी ती योग्यच वाटते, नियम कुठे असो वा नसो हा भागाकार करून बघावा. ट्रेलरचं तर विसरूच नका. लाइटनिंग साडेचार टनांपर्यंत ओढते, आर१टी पाच टनांच्या जवळपास, आणि ट्रेलरच्या वजनातला साधारण दहा ते पंधरा टक्के भार हुकवर येतो. चार टनांचा ट्रेलर असेल तर चारशे ते सहाशे किलो सगळे मागच्या दोन टायरांवर.

साइडवॉलवर एक्सएल लिहिलेलं असतं ते एक्स्ट्रा लोड, त्याच साइजचा जरा तगडा टायर, साध्यापेक्षा जास्त हवेवर जास्त वजन पेलणारा. अलीकडे साइजच्या आधी एचएल लिहिलेले टायरही यायला लागलेत, हाय लोड, तो एक्सएलपेक्षाही जास्त पेलतो, मुख्यतः जड इलेक्ट्रिक गाड्यांमुळेच हे प्रकरण निघालं. गाडीसोबत एचएल आला असेल तर बदलताना एक्सएलवर उतरू नका, दुकानात नसेल तर मागवायला लावा.

मग दुसरा रस्ता म्हणजे लाइट ट्रकचे टायर, साइजच्या आधी एलटी लिहिलेले. इथे भलतीच गंमत आहे. एलटी २७५/६५ आर२० घ्या, लोड रेंज ई, म्हणजे तगडेपणाची श्रेणी, त्यावर १२६/१२३ लिहिलेलं सापडेल. माणूस खूश होतो, १२६ म्हणजे १७०० किलो, पुढचा १२३ हा मागे जोडचाकं असतील तेव्हाचा आकडा आहे, तो आपल्याला नको. पण हे १७०० किलो हवा ८० पीएसआय भरली तरच. दाराच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं समजा ४८, ते कारखान्यातल्या एक्सएल टायरसाठी, आणि पंक्चरवाला पाहतो स्टिकर आणि भरतो ४८. झालं, तगडा टायर लावला आणि कमी हवेत चालवला, साइडवॉल आतून तापत राहतो. तेवढंच वजन पेलायला एलटी टायरला एक्सएलपेक्षा जास्त हवा लागते, किती जास्त ते टायर कंपनीच्या लोड-आणि-हवेच्या तक्त्यात दिलेलं असतं, तो तक्ता मागा. दुकानदाराला माहीत नसेल तर तो दुकानदार पिकअपच्या कामाचा नाही, सरळ पुढे चला. आणि एकदा आकडा ठरला की गाडीच्या प्रेशर वॉर्निंगला पण तो सांगावा लागतो, नाहीतर ती जुन्याच आकड्यावर निवांत बसून राहते. थंडीत दर साडेपाच अंशांना एक पीएसआय हवा उतरते हेही डोक्यात असू द्या, आणि मोजायची ती सकाळी गाडी हलवायच्या आधी, घाटातून उतरून आल्यावर मोजलेली हवा काही खरी नसते.

मग एलटी घ्यावा का? माझं मत विचाराल तर जो माणूस खरंच आठवड्यातून चार दिवस हौदा भरून फिरतो, दगडगोट्यांच्या रस्त्यावर जातो, जड ट्रेलर ओढतो त्याने घ्यावा. बाकीच्यांनी चांगला एक्सएल किंवा एचएल हायवे टायर घ्यावा आणि गप्प बसावं. कारण एलटीची किंमत रेंजमध्ये मोजावी लागते आणि ती थोडीथोडकी नाही.

हे रेंजचं नुसतं हवेत बोलत नाही, गणित मांडतो, शाळेतलंच आहे. टायर फिरताना दबतो, परत फुगतो, त्यात ऊर्जा जाते, त्याला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात आणि तो मोजतात टनाला किती किलो असा. ८ चा टायर म्हणजे एक टन गाडी सपाट रस्त्यावर ढकलत ठेवायला ८ किलोचा जोर. गाडी ३२०० किलोची धरा. ८ चा टायर असेल तर शंभर किलोमीटरला नुसत्या टायरमध्ये साधारण ७ युनिट वीज जाते. १० चा लावला की पावणेनऊ, १२ चा लावला की जवळजवळ साडेदहा. आता अशी पिकअप शंभर किलोमीटरला एकूण तीसेक युनिट खात असेल तर नुसता टायर बदलून पाच-सहा टक्के ते अकरा-बारा टक्के वीज जास्त जाते. मोटर तीच, बॅटरी तीच, चालवणाराही तोच. रिव्हियनने स्वतःच आपल्या वीस इंची ऑल-टेरेन, म्हणजे कच्च्या रस्त्यावरही चालणाऱ्या, टायरबद्दल सांगून ठेवलंय की एकवीस इंचीच्या मानाने दहा ते पंधरा टक्के रेंज कमी मिळेल, त्यात हवेला होणारा अडथळाही आला, पण मोठा वाटा रबराचाच. पेट्रोलच्या पिकअपमध्ये हे एवढं जाणवत नाही कारण तिथे इंजिनातच इतकं वाया जातं की टायरचं नुकसान त्यात लपून जातं. इलेक्ट्रिकमध्ये लपायला जागा नाही.

आणि तरीही लोक ऑल-टेरेनच घेतात. का, तर दिसतो भारी. नक्षीचे मोठमोठे बटन, पांढरी अक्षरं, साइडवॉलवर दात. माझा त्याला विरोध नाही, ज्याची गाडी त्याची हौस, पण मग वर्षभर सर्व्हिस सेंटरला जाऊन बॅटरी चेक करा म्हणून भांडू नका. आवाजाचंही तेच, इंजिन नसल्यामुळे टायरचा घोंगाट थेट कानात येतो, नवा असताना कमी, अर्धा झिजला की जास्त. आणि ओल्या रस्त्यावर तीन टनांची गाडी थांबवायची म्हणजे खेळ नाही, तिथे रबराचं मिश्रण आणि बारीक चिरा काम करतात, मोठे बटन करत नाहीत. चिखल असेल तर बटनवाल्याला तोड नाही, पण चिखल वर्षातून किती दिवस आणि ओला डांबरी रस्ता किती दिवस हे ज्याचं त्याने ठरवावं. बर्फाच्या भागात चालवणाऱ्यांनी साइडवॉलवर तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाचा कण असं चित्र आहे का ते बघावं, नुसतं एम अधिक एस, म्हणजे मड अँड स्नो, लिहिलेलं असेल तर त्यामागे बर्फावरची कुठलीच परीक्षा नसते. चित्र असलं तरी ती परीक्षा मुख्यतः बर्फावर पुढे ओढ किती मिळते याची असते, कठीण बर्फावर ब्रेक लागेल याची हमी ते चित्र देत नाही.

साइज बदलायचा मोह हा अजून एक. समजा मूळ २७५/६० आर२० आहे, त्याची उंची येते साधारण ८३८ मिलिमीटर, आणि कुणीतरी सांगतो २८५/६५ आर२० टाक, गाडी उंच दिसते. त्याची उंची ८७८. जवळजवळ पाच टक्के मोठा. मडगार्डला घासणार का, पूर्ण स्टेअरिंग वळवल्यावर काय, ते सगळं आहेच, पण मीटरचं बघा. चाक मोठं झालं म्हणजे एका फेरीत गाडी जास्त अंतर जाते, पण गाडीला ते कळत नाही, ती जुन्याच हिशोबाने मोजते. खरे शंभर किलोमीटर गेलात तर मीटर दाखवतो पंचाण्णवच्या आसपास. मग माणूस म्हणतो बघा टायर बदलले आणि रेंज धाडकन पडली. काही पडलेली असतेच, टायर जड आहे, रोलिंग रेझिस्टन्स जास्त आहे, पण त्यातले चार-पाच टक्के नुसते मीटरच्या चुकीचे असतात. उलट बाजूने स्पीडही कमी दाखवला जातो, तो दंडाच्या पावतीवर बरोबर कळतो. ज्या गाडीत टायरची साइज सिस्टिममध्ये बदलून घेता येते तिथे ती घ्यावी, नाहीतर मूळ उंचीच्या एक-दीड टक्क्याच्या आतबाहेर राहावं.

फोमबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून जरा लिहितो. इंजिन नाही त्यामुळे टायरच्या आतल्या हवेचा घुमण्याचा आवाज, दोनशे हर्ट्झच्या आसपासचा, केबिनमध्ये ऐकू येतो, तो दाबायला पुष्कळ इलेक्ट्रिक गाड्यांच्या टायरच्या आत पॉलियुरेथेन फोमची पट्टी चिकटवलेली असते. छान आयडिया आहे, खिळा शिरेपर्यंत. टायर रिमवरून उतरवला की आत राखाडी स्पंजचा पट्टा दिसतो, खिळा त्यातूनच आरपार, आणि आतून पॅच लावायचा तर आधी तेवढा स्पंज कापायचा, खालचा गोंद खरवडून रबर उघडं करायचं, साफ करायचं, मग पॅच. नेहमीचा पंक्चरवाला हे बघून हातच वर करतो, नाहीतर बाहेरून दोरी कोंबून देतो. आणि कापलेला तुकडा परत नीट चिकटवला नाही तर एका जागी हलकं होऊन चाक थरथरतं. बाटलीतलं सीलंट मारलं तर तो स्पंज ते पिऊन बसतो. म्हणून बदलताना फोमवालाच हवा असा हट्ट नको, विशेषतः जे आडरानात फिरतात त्यांनी. बिनफोमचा घेतला तर थोडा आवाज वाढेल, गाडीला बाकी काही होत नाही. मी तर म्हणेन त्या पैशात स्टेपनी घ्या. बऱ्याच गाड्यांत ती आता मागितली तरच मिळते, आणि जॅकसुद्धा तीन टनांचा आहे ना ते बघून घ्या.

झीज कशी होते त्यावरून पुढचा टायर कुठला घ्यायचा ते कळतं, म्हणून जुना फेकायच्या आधी त्याच्यावर हात फिरवा, खरंच. तळहात नक्षीवरून आडवा, आतल्या कडेपासून बाहेर न्या आणि मग उलटा आणा. एका बाजूने गुळगुळीत लागला आणि दुसऱ्या बाजूने करवतीसारखा बोटांना लागला तर अलाइनमेंट गेलेली आहे, टो चुकलाय, आणि ते न करता नवे टायर घातले तर तेही तसेच जाणार. एअर सस्पेन्शनवाल्या गाडीत हे जास्त, कारण गाडी खाली बसली की चाकांचे कोन बदलतात. रिव्हियनच्या मालकांमध्ये एक तक्रार फार ऐकू येते ती हीच, वीज वाचवायचा जो कॉन्झर्व्ह मोड आहे त्यात गाडी खाली बसते आणि फक्त पुढची चाकं ओढतात, रेंज वाढते हे खरं पण पुढचे टायर आतल्या कडेने खाऊन टाकले जातात. वीज वाचवली आणि टायरमध्ये घातली, काय उपयोग. म्हणून रोटेशन, म्हणजे टायरांच्या जागा आलटूनपालटून बदलणं, आठ-दहा हजार किलोमीटरच्या आत, न चुकता. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत चारही टायर एकदम बदलावेत का, हा पण प्रश्न सगळे विचारतात. जुन्या फोर-बाय-फोरमध्ये पुढचामागचा अॅक्सल दांड्याने जोडलेला असायचा, टायर लहानमोठे झाले की गिअर अडकायचे. इथे पुढे वेगळी मोटर मागे वेगळी, मध्ये दांडाच नाही, त्यामुळे तसं काही तुटत नाही. पण ट्रॅक्शन कंट्रोल चाकांच्या फेऱ्या मोजूनच ठरवतो ना कोण घसरतंय, आणि एक जोडी गुळगुळीत आणि एक नवीकोरी असली की पावसात गाडी कशी वागेल सांगता येत नाही. चार जमत नसतील तर निदान एका अॅक्सलवर दोन्ही सारखे, आणि नवे मागे. टायरची जन्मतारीख पण बघा, साइडवॉलवर डॉटने सुरू होणारा नंबर असतो त्याचे शेवटचे चार आकडे, ३१२४ म्हणजे २०२४ सालचा एकतिसावा आठवडा. जुना माल नवा म्हणून खपवायला हे दुकानदार सोडत नाहीत.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी लिहायला बसलो. वर जो रोलिंग रेझिस्टन्सचा आकडा सांगितला, ८ की १० की १२, तो टायर बघून कळतो का? युरोपात कळतो. तिथे मे २०२१ पासून नवं लेबल आहे, ए ते ई असे वर्ग, रोलिंग रेझिस्टन्सचा वेगळा, ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा वेगळा, आवाज डेसिबलमध्ये, आणि क्यूआर कोड. कारच्या टायरला साडेसहापर्यंत ए, ७.८ ते ९ म्हणजे सी, १०.६ आणि त्यापुढे ई. लाइट ट्रकच्या टायरलाही लेबल आहे, आकडे वेगळे. म्हणजे माणूस लेबल बघून घरी बसून वरचं गणित करू शकतो. अमेरिकेत, जिथे जगातल्या सगळ्यात जास्त पिकअप विकल्या जातात, तिथे काय? कारच्या टायरला ट्रेडवेअर, ट्रॅक्शन, टेंपरेचर असे तीन शेरे छापायचे, त्यात रोलिंग रेझिस्टन्स नाहीच, ट्रेडवेअरचा आकडाही कंपनीच स्वतः ठरवणार, आणि एलटी टायरला तर यातून सरळ सूट. ऊर्जेच्या कायद्यात २००७ सालीच ग्राहकाला टायरची इंधन-कार्यक्षमता सांगायची तरतूद झाली होती, नवा टायर घेताना ते लेबल काही अजून हातात पडत नाही. थोडक्यात ज्या टायरवर सगळ्यात जास्त वजन, सगळ्यात जास्त टॉर्क आणि सगळ्यात जास्त खर्च, त्याच्यावरच सगळ्यात कमी माहिती. आणि कंपन्यांकडे हे आकडे नसतात असं नाही हो, गाडी बनवणाऱ्याला टायर विकताना दशांशापर्यंत मोजून देतात, नाहीतर गाडीवाला रेंज जाहीर कशी करणार. फक्त आपण स्वतः पैसे टाकून घ्यायला गेलो की ते आकडे गायब होतात.

टायर झिजतो तो जातो कुठे हा पण प्रश्न आहे, रस्त्याच्या कडेने नाल्यात. टायरमध्ये तडे जाऊ नयेत म्हणून घालतात ते ६पीपीडी हवेतल्या ओझोनशी मिळून जे रसायन होतं त्याने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे कोहो सॅमन मासे मरतात, हे २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. युरोपच्या युरो ७ या प्रदूषणाच्या नियमांत आता पहिल्यांदाच टायरच्या झिजेवर मर्यादा आणली आहे. धूर नाही म्हणून जाहिरात करणाऱ्यांनी आपल्या तीन-चार टनी पिकअपच्या टायरचं पण सांगावं, एवढंच.

तर विनंती अशी आहे. तुमचे लोक इलेक्ट्रिक पिकअपची चाचणी घेतात तेव्हा टायरचं नाव, पूर्ण साइज, लोड इंडेक्स, एक्सएल की एचएल की एलटी, आणि हवा किती ठेवून रेंज मोजली हे एका ओळीत छापा, जागा किती लागते त्याला. रेंजचा आकडा कुठल्या टायरवरचा आहे हे न सांगता छापणं म्हणजे अर्धी बातमी. आणि टायर कंपन्यांची जाहिरात पानभर घेता तेव्हा त्यांच्या माणसाला रोलिंग रेझिस्टन्सचा आकडा विचारा, दिला तर तो छापा, नाही दिला तर नाही दिला असं छापा.

कळावे,
आपला,
पुरवणी आधी वाचणारा एक वाचक